प्लास्टिकमधली बारावी

माझी बारावी पाण्यात पडली तरी भिजणार नाही, अशी सोय आमच्या आण्णांनी निकालाच्या महिन्यातच करून ठेवली होती. पुढे याच सोयीमुळे माझ्या बायकोला सौदीतल्या यान्बूला येता येईना. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते नीट सांगायला हवं.

आण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. शिक्षण चौथी. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच कुणी पार केली नव्हती. एक चुलतभाऊ दहावीला इतक्या वेळा बसला, की परीक्षा केंद्रावरचा शिपाई त्याला घरची खुशाली विचारायचा. अशा घरात मी वाणिज्य शाखेतून इकाहत्तर टक्के मिळवून बारावी झालो. शाळेतून प्रमाणपत्र हातात आलं, तेव्हा गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं नुकतंच लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं आणि तो गिऱ्हाईक शोधत होता. 'शंभर वर्षं काही होत नाही', असं त्यानं आण्णांना सांगितलं. आण्णांना तेवढी गॅरंटी पुरली.

पण खरं कारण वेगळं होतं. आण्णांना ते प्रमाणपत्र कपाटात ठेवायचं नव्हतं, दुकानात लावायचं होतं. दुकानात ग्रीस, ऑइल, पंक्चर काढायचा पाण्याचा टब. तिथं उघडा कागद आठवडाही टिकला नसता. त्यांनी प्लास्टिकच्या कडेला भोक पाडलं, जुन्या स्पोकचा आकडा केला आणि माझी बारावी टबाच्या वर, दारातून येणाऱ्या उन्हात टांगली. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक ती वाचत बसायचं. एकानं तर अकाउंट्सला एवढे मार्क आणि मराठीत मात्र जेमतेम कसे, याचा जाब मलाच विचारला. आण्णा दर शनिवारी रॉकेलच्या बोळ्यानं माझे टक्के पुसून लख्ख करायचे. पुढे मी बीकॉम झालो, त्या पदवीला काचेची फ्रेम मिळाली, कारण तोपर्यंत काच परवडू लागली होती. ती पदवी घरात लागली. दुकानातली जागा बारावीची ती बारावीचीच राहिली. मी शिकलो तो त्या टबाच्या जोरावर, हे मी कधी विसरलो नाही, आणि विसरलो असतो तर आण्णांनी आठवण करून दिली असती.

सौदीला मी गेलो दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. एजंटाकडे मजुराचे व्हिसे तेवढे शिल्लक होते. काम टाइमकीपरचं, बसायला खुर्ची, पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, हुद्दा 'आमिल'. आमिल म्हणजे मजूर. यान्बूच्या रिफायनरीत देखभालीची कामं घेणारी आमची कंपनी, गावाबाहेर तिचा कॅम्प, एका केबिनमध्ये चार माणसं. पहिल्या सुट्टीत घरी गेलो आणि माझं लग्न झालं. महिनाभर संसार केला आणि परत आलो. तेव्हापासून बायको दर शुक्रवारी फोनवर एकच विचारायची, आणि मी दर शुक्रवारी तेच उत्तर द्यायचो, की बघतोय.

बघत मी खरोखरच होतो. मजुराला तिकडे बायको आणता येत नाही. हुद्दा बदलून 'मुहासिब', म्हणजे हिशेबनीस, करून घेतला तर आणता येते. कंपनीची सरकारी कामं करणारे एक वयस्क सौदी गृहस्थ होते, त्यांना सगळे मंदूब म्हणत. त्यांनी मला चहा पाजून समजावलं, की पदवी हवी, तिच्याखालची सानविया हवी, आणि दोन्हींच्या पाठीवर मुंबईचा, दिल्लीचा आणि सौदी वकिलातीचा शिक्का हवा. सानविया म्हणजे त्यांची बारावी. तेवढं आणलं की खलास. बायको विमानात.

मी खूश झालो. दोन्ही कागद माझ्या बॅगेतच होते. परदेशी निघताना आण्णांनी फ्रेममधून पदवी आणि खिळ्यावरून बारावी काढून दिली होती, देवघरातला टाक द्यावा तशी.

त्याच सुमारास रिफायनरीवाल्यांनी आमच्या कंपनीला विचारलं, की तुमचा कोण माणूस किती शिकलाय ते कळवा. ते काम टाइमकीपरच्या गळ्यात पडलं. तक्त्यात तीन खाने होते: हायस्कूलखाली, हायस्कूल, हायस्कूलवर. ज्यानं हे खाने आखले त्यानं महाराष्ट्र पाहिलेला नसावा. आमच्याकडे नुसत्या दहावीचेच दोन वंश, मार्च आणि ऑक्टोबर. मार्चमध्ये पास झालेला ऑक्टोबरवाल्याच्या शेजारी जेवायला बसेल, पण एका खान्यात बसायला तयार नाही. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेले, रात्रशाळेचे, दहावी नापास होऊनही आयटीआय केलेले. बारावीत सायन्सवाला कॉमर्सवाल्याला मोजत नाही, कॉमर्सवाला आर्ट्सवाल्याला मोजत नाही, आणि तिघे मिळून किमान कौशल्यवाल्याला बारावीच समजत नाहीत. केरळचे लोक आमच्या सगळ्यांनाच मोजत नसत. पाकिस्तानी क्रेनवाला छाती ठोकून मॅट्रिक असल्याचं सांगायचा. फिलिपिनो वायरमनकडे तर सोनेरी शिक्क्याचा, झगा-टोपी घातलेल्या फोटोसह भलाथोरला डिप्लोमा होता. तो बघून आम्हाला वाटलं हा डॉक्टर. विचारलं तर कळलं, त्यांची शाळा दहावीलाच संपते आणि हा थाट दहावीचा आहे. दहावी पास होऊन आम्हाला पेढे मिळाले होते. झगा वगैरे आम्ही न्हाव्याकडेच घातलेला.

या जनगणनेत मला सगळ्यात जास्त छळलं ते गुहागरकडच्या एका वेल्डरनं. वयानं मोठा, मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला बीकॉम म्हणायचा. दहावी, ऑक्टोबर, काठावर.

"मला हायस्कूलवर टाक," तो म्हणाला. "आमच्या हायस्कूलची गळती काढायला दर वर्षी कौलांवर मीच चढायचो."

त्याला मी मधल्या खान्यात टाकला. तो आठवडाभर मला गुरुजी म्हणत होता.

कागद मुंबईला पाठवण्याआधी मी ते शेवटचे बघत बसलो होतो, तेव्हा माझ्या केबिनमधला पालघाटचा इलेक्ट्रिशियन शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं बारावी उचलली, प्लास्टिकवर टिचकी मारली आणि विचारलं, "ये स्टँप किधर मारेगा? तुम्हारे सर पे?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं समजावलं. शिक्के कागदाच्या पाठीवर बसतात, प्लास्टिकवर शाई बसत नाही, आणि बसली तरी कुठलाही साहेब लॅमिनेट केलेल्या कागदावर सही करत नाही. त्यांच्याकडे म्हणे आजोबा, बाप, काका सगळे आखाती देशांत जाऊन आलेले, त्यामुळे लहान मुलाला 'आगीला हात लावू नको' आणि 'सर्टिफिकेट लॅमिनेट करू नको' या दोन गोष्टी एकाच वयात शिकवतात. त्याचे स्वतःचे कागद साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होते, कुठूनही शिक्का मारायला मोकळे.

मी कॅम्पात चौकशी केली. महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे गारद. कुणाचं बापानं केलेलं, कुणाचं मामानं बक्षीस म्हणून, एकाचं तर सत्कार समारंभात पाहुण्यांच्या हस्ते. जेवढा कागदाचा मान मोठा, तेवढं प्लास्टिक जाड. मुंबईच्या एजंटाला फोन केला, तर तो माझं बोलणं संपायच्या आधीच म्हणाला, "लॅमिनेशन ना? सातारा का सांगली?"

म्हणजे माझ्या आणि बायकोच्या मध्ये अरबी समुद्र होता हे खरं, पण समुद्राला विमान होतं. प्लास्टिकला काय करायचं?

शुक्रवारी सकाळी सुट्टी, म्हणून मेसच्या टेबलावर सभा भरली. कुणी म्हणालं इस्त्री फिरवा, कुणी म्हणालं बर्फात ठेवा. शेवटी वेल्डरभाऊनं निर्णय दिला, की उष्णतेनं चिकटलेलं उष्णतेनंच सुटणार आणि उष्णता हा आपला विषय आहे. इलेक्ट्रिशियनकडे केबलच्या जोडांवर नळी आवळून बसवायची गरम हवेची बंदूक होती. तिच्यानं प्लास्टिक मऊ करायचं आणि पातळ ब्लेडनं सोलायचं. पण पहिला प्रयोग माझ्यावर नको, असं भाऊचंच म्हणणं.

"आधी माझं घ्या," तो म्हणाला. "माझं गेलं तर मंडळालाही सुटल्यासारखं होईल."

त्याची दहावीही लॅमिनेट केलेली होती, खाऱ्या हवेत कागद टिकत नाही म्हणून. इलेक्ट्रिशियननं बंदूक धरली, भाऊनं ब्लेड चालवलं. कोपरा सुटला, मग कड सुटली, आणि तव्यावरून घावन सुटावा तशी अख्खी दहावी एका ओढीत बाहेर आली. कोरी करकरीत. ऑक्टोबर हा शब्दसुद्धा जसाच्या तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या कागदाचं जगात कुणाला काही काम नव्हतं तो असा नव्यासारखा टेबलावर पडला होता.

मग माझा नंबर. तीच बंदूक, तेच ब्लेड, तेच हात. पण माझ्या बारावीनं दुकानाच्या दारात वर्षानुवर्षं ऊन खाल्लं होतं. प्लास्टिक आणि कागद यांचं लग्न आमच्या लग्नापेक्षा जुनं आणि घट्ट होतं. कोपरा सुटला, सगळ्यांनी श्वास सोडला, भाऊनं ओढलं, आणि कागदाचा वरचा पापुद्रा शाईसकट प्लास्टिकबरोबर निघून आला. थांबवेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. कागदावर माझं आडनाव आणि 'उत्तीर्ण' हा शेरा राहिला. माझं नाव, मंडळाची मोहोर आणि सचिवांची सही प्लास्टिकवर गेली, तीही उलटी.

इलेक्ट्रिशियननं बंदूक बंद केली. भाऊ दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत म्हणाला, "पास तू अजून आहेस, बीकॉम. फक्त कोण पास झालं ते कळत नाही."

मला हसू आलं. मी पाणी प्यायला उठलो.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. दुकानाशेजारच्या मेडिकलमध्ये फोन होता, तिथं आण्णांना बोलावून घ्यावं लागे. मी झालेलं सगळं सांगितलं.

मग आण्णा म्हणाले, "शंभर वर्षं म्हणाला होता तो."

"आण्णा, तुमची काही चूक नाही."

"चूक कुणाची ते राहू दे रे. तू तिकडचं बघ. इकडचं आम्ही बघतो."

सुट्टीवर निघालेल्या एका माणसाबरोबर मी दोन्ही तुकडे घरी पाठवले. दुय्यम प्रत काढायची तर शाळेचं पत्र, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन कोल्हापूरच्या विभागीय मंडळात जायचं होतं. आण्णांना लिहिता-वाचता जेमतेम येई, म्हणून बायको बरोबर निघाली. पुढचं सगळं मला तिच्याकडूनच कळलं, एकेका शुक्रवारी तुकड्यातुकड्यानं, मेडिकलवाल्याच्या आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या समोर.

तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करणारा बसायचा. त्यानं सवयीनं टाइप केलं, 'सदर प्रमाणपत्र गहाळ झाले आहे'. बायकोनं ते वाचून दाखवलं आणि आण्णांनी मशीनवर हात ठेवला. गहाळ झालेलं नाही, म्हणाले. टाइप करणाऱ्यानं समजावलं, की पोलिसांत जाऊन हरवल्याची नोंद करा, दाखला मिळतो, सगळे असंच करतात, काम लवकर होतं. बायकोला मनातून ते पटलं होतं. तिला लवकरच हवं होतं.

आण्णा ऐकेनात. "आमच्या घरात बारावी हरवत नाही. एकच आहे आमच्याकडे."

बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आण्णा, दोन."

हे ती कसं म्हणाली असेल, ते मला फोनवरूनही कळलं. तिची बारावी किमान कौशल्याची, बालवाडी चालवण्याच्या अभ्यासक्रमातली. लग्न ठरताना माझ्या मावशीनं 'ती बारावी वेगळी' असं चारचौघांत म्हणून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून घरात सून किती शिकली हा विषय निघाला की लोक पाणी प्यायला उठायचे. तिनं त्यावर आजवर एक शब्द काढला नव्हता. काढला तो तहसील कचेरीबाहेर.

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग टाइप करणाऱ्याला म्हणाले, "दोन आहेत. दोन्ही हरवत नाहीत. लिही, जपता जपता खराब झालं."

टाइप करणाऱ्यानं आयुष्यात असलं कारण टाइप केलं नव्हतं. त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि लिहिलं, 'जपणूक करताना खराब झाले'. त्याखाली आण्णांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर स्पोकसारखं ताणून.

कोल्हापूरच्या खिडकीवरचे गृहस्थ हे कारण वाचून चक्रावले. बायकोनं पुरावा म्हणून दोन्ही तुकडे पुढं केले, कागद एका हातात, प्लास्टिक दुसऱ्या हातात. त्यांनी प्लास्टिक उजेडाकडे धरून उलटीकडून माझं नाव वाचलं, मग कागदावरचं आडनाव वाचलं, आणि मोडलेलं भांडं जुळवून बघावं तसं एकावर एक ठेवून बघितलं. जुळलं. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. बायको म्हणाली, ते हसले नाहीत. मला त्या अनोळखी माणसाविषयी फार बरं वाटलं.

अर्थात 'जपणूक करताना' या कारणाला फाटे फुटले. शाळेचं आणखी एक पत्र लागलं, त्यासाठी मुख्याध्यापक रजेवरून यायची वाट बघावी लागली, मग पुन्हा कोल्हापूर. हरवलं असतं तर मी दिवाळीला तिकडे आले असते, असं बायको एकदा म्हणाली. पण आण्णांसमोर नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिळगूळ मला पोस्टानं आला तेव्हा त्याचं पीठ झालेलं होतं, ते मी आणि भाऊनं चमच्यानं खाल्लं.

शेवटी दुय्यम प्रत मिळाली. मुंबईत शिक्के पडले, दिल्लीत पडले, वकिलातीत पडले. पदवीही काच सोडून आल्यामुळे तिला काही अडचण आली नाही. दोन्ही कागद माझ्या हातात आले तेव्हा बारावीच्या पाठीवर टाचणी टेकवायला जागा नव्हती. मी ते मंदूबच्या टेबलावर ठेवले आणि उभा राहिलो. आता हाच माणूस काय म्हणतो त्यावर सगळं.

त्यांनी पाठ बघितली, मान डोलावली. मग सुलट करून बघितलं आणि बोट ठेवलं माझ्या टक्क्यांवर. हे शंभरपैकीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांच्या मुलाला सानवियात शहाण्णव होते, आणि तो पुरेसा अभ्यास करत नाही म्हणून घरात भांडणं होती. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की तालुक्यात माझ्या नावाची पाटी लागली होती हे सांगायचा मला धीर झाला नाही. मग त्यांनी मला आणखी एक चहा मागवला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

"बुक्रा," ते म्हणाले. म्हणजे उद्या.

तो उद्या उन्हाळा सुरू होता होता उगवला. मी मुहासिब झालो. काम तेच, खुर्ची तीच. भाऊनं मला मुहासिब म्हणायला साफ नकार दिला, बीकॉमवरून खाली उतरवणार नाही म्हणाला. यान्बू गावात दोन खोल्या घेतल्या, आणि एका दुपारी जेद्दाच्या विमानतळावर बायको ट्रॉली ढकलत बाहेर आली.

तीन-चार तासांचा रस्ता होता. ती खिडकीतून वाळू बघत होती आणि मी तिला बघत होतो, आणि दोघांनाही काय बोलावं सुचत नव्हतं, कारण आम्हाला फोनवर आणि मेडिकलवाल्यासमोरच बोलायची सवय होती.

घरी पोचल्यावर तिनं बॅग उघडली. चटण्या, पापड, माझ्यासाठी शर्ट. तळाशी साड्यांच्या घडीत काहीतरी सपाट होतं. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं. तिची बारावी. नवीकोरी, जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली. कडेला भोक, भोकात स्पोकचा आकडा.

"आण्णांनी निघताना दिली," ती म्हणाली. "मधे महिनाभर दुकानात टबावर होती. तुमच्याच खिळ्यावर. मावशी पंप मारायला आल्या तेव्हा त्यांना वाचायला लावली."

"अगं, पण तू त्यांना थांबवलं नाहीस? एवढं सगळं झाल्यावर?"

"थांबवणार होते. ते म्हणाले, सूनबाई, हिच्यावर कुणी शिक्का मारणार नाही, ही नुसती बघायची." तिनं स्पोकचा आकडा सरळ केला. "मग नको म्हणवेना."

शिक्का कुणी मारणार नाही, हे आण्णांना वाटलं. यान्बूच्या भारतीय शाळेत नर्सरीला बाई हवी आहे आणि कागद शिक्क्यांसकट लागतात, हे मी आठवड्यापूर्वीच चौकशी करून ठेवलं होतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं भिंतीवर खिळा शोधला आणि बारावी टांगली.

पुढच्या शुक्रवारी वेल्डरभाऊला पोहे खायला बोलावलं. त्यानं भिंतीकडे पाहिलं, जवळ जाऊन प्लास्टिकची जाडी अंगठ्यानं चाचपली आणि मला हळूच विचारलं, की बंदूक कधी आणू, सरावाला माझं आयटीआयचं आहे.

बायको स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. "हात लावायचा नाही, भाऊजी," ती म्हणाली. "शिक्क्यासाठी दुसरी काढून आणू. खिडकी माहीत झालीय मला."

भाऊनं हात मागं घेतला, बशी घेतली, आणि पोहे खाता खाता भिंतीवरचे तिचे मार्क वाचायला लागला.